बीपी-शुगरच्या रुग्णांना साथ द्यायला आशाताईंना कसं शिकवाल? नव्या प्रशिक्षकांसाठी

उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला (सीएचओला) पहिल्या दोन-तीन महिन्यांत तालुक्याहून एक फोन येतोच: "पुढच्या गुरुवारी तुमच्या आशांचं एनसीडीचं प्रशिक्षण घ्या." एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजार. गावच्या भाषेत बीपी आणि शुगर, आणि त्यांच्या पाठोपाठ येणारा लकवा, हार्ट अटॅक, किडनी. फोन ठेवला की आपण पुस्तक उघडतो, स्वादुपिंडाचं चित्र शोधतो, स्लाइड्स करायला बसतो. मीही तेच केलं होतं. दिवसभर इन्सुलिन म्हणजे काय ते समजावलं, सगळ्यांनी वहीत नीट उतरवून घेतलं. आठवड्याने एका आशाताईचा फोन आला. "मॅडम, आमच्या आळीतल्या काकांचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून त्यांनी गोळी बंद केली. मी त्यांना काय सांगू?"

माझ्या दिवसभराच्या शिकवण्यात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

न्यूमोनियाच्या रुग्णावर आपण उपचार करतो. बीपीचा रुग्ण मात्र स्वतःचा उपचार स्वतः करतो, रोज, अनेक वर्षं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं तो आपल्यासमोर बसला असं धरलं तरी वर्षाचे दोन तास होतात. उरलेल्या सगळ्या दिवसांत गोळी घ्यायची की नाही, उपास धरायचा की नाही, पायाच्या फोडाकडे बघायचं की नाही हे तो एकटा ठरवतो. आशाताई त्याच्या दारावरून रोज जाते. म्हणून तिला शरीरशास्त्रापेक्षा त्या दारात काय बघायचं, काय विचारायचं आणि काय ऐकायचं ते शिकवायचं आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

१. प्रशिक्षणाच्या आधी चार घरं फिरा

तारीख ठरली की दोन आशाताईंना विचारून त्यांच्याबरोबर एक सकाळ काढा. बीपी-शुगरची जुनी माणसं असलेली चार-पाच घरं पुरेत. तिथे सल्ला द्यायचा नाही. "आजी, तुमच्या गोळ्या दाखवता का?" एवढंच विचारायचं. मग देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून किंवा पत्र्याच्या डब्यातून एक प्लास्टिकची पिशवी निघते. तुमचा अर्धा अभ्यासक्रम त्या पिशवीत असतो.

मला अशा पिशव्यांत काय काय सापडलंय ते सांगते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, आणि आजी दोन्ही घेत होत्या, कारण एक गोळी गुलाबी होती आणि एक पांढरी. नवऱ्याच्या गोळ्या बायको घेत होती, "दोघांनाही बीपीच आहे" म्हणून. एका घरात रुग्णाने सरकारी गोळ्या नीट साठवून ठेवल्या होत्या आणि त्रास झाला की त्या दिवसापुरती एक घेत होता. बऱ्याच पिशव्यांत कंबरदुखीच्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्या होत्या. अनेक घरांत तर अडचण औषधाची नव्हतीच. केंद्रात जायला एसटी सकाळी एकच, आणि गेलं की दिवसाची मजुरी बुडते.

ही कारणं वहीत टिपून ठेवा. प्रशिक्षणात आणायची उदाहरणं हीच. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच असतात. ही गोष्ट आशाताईंना पहिल्याच तासात सांगा. "आमचे लोकच अडाणी, ऐकत नाहीत" हे वाक्य अशा प्रशिक्षणात हमखास येतं. रुग्णाविषयीचा तो राग मनातून गेला नाही तर पुढचं शिकवणं वाया जातं.

२. किती जणी, किती वेळ

बारा ते पंधरा जणी. त्याहून जास्त झाल्या तर मागच्या ओळीतल्या ताईंच्या हातात बीपीचं मशीन कधी येतच नाही. अख्खा दिवस एकदाच घेण्याऐवजी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन अर्धे दिवस घेतले तर फार बरं. मधल्या दिवसांत त्या शिकलेलं करून बघतात आणि दुसऱ्या वेळी खरे प्रश्न घेऊन येतात. लसीकरणाचा दिवस टाळा, पेरणी-काढणीचा आठवडा टाळा. प्रवासभत्ता कधी आणि किती मिळणार ते सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. गटप्रवर्तक ताईंना, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्यांना, आधीपासून सोबत घ्या, कारण तुमच्यानंतर गावोगावी हे काम धरून ठेवणार आहेत त्या.

खुर्च्या गोलात मांडा. समोर बसलेल्या बायकांपैकी कित्येकींनी या कामात दहा-पंधरा वर्षं काढली आहेत. गावातल्या प्रत्येक घरातली सोयरीक, भांडणं आणि कर्ज त्यांना माहीत आहे. तुम्ही नव्या आहात, त्या नाहीत.

३. सुरुवात एकमेकींचं बीपी मोजण्यापासून

हा भाग मी कधीच घाईत उरकत नाही. चुकीच्या मोजमापामुळे निरोगी माणसाला गोळी सुरू होते आणि आजारी माणूस सुटून जातो. शिवाय हे हातानेच शिकायचं काम आहे. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि मशीन द्या.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. इथे मिश्रीचं नाव स्पष्ट घ्या. अनेक आजी आणि वहिनी मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, त्यामुळे "तंबाखू खाता का?" याचं उत्तर "नाही" येतं. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही. घरी खुर्ची नसेल तर भिंतीला पाठ टेकून बसवा आणि हात उशीवर किंवा डब्यावर छातीच्या उंचीला ठेवा. हात खाली लोंबत राहिला तर आकडा जास्त येतो.

कफ उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की ती दोरीसारखी आवळते, म्हणून बाही सैल होत नसेल तर तो हात काढायला सांगा आणि त्यासाठी आडोसा बघा. चारचौघांत कुणालाही हे करायला लावू नका. दंड जाड असेल तर मोठा कफ लागतो. लहान कफने आकडा उगाच जास्त दिसतो. मोजताना बोलायचं नाही, आणि हे रुग्णाइतकंच आशाताईलाही लागू आहे. "सूनबाई कधी आली?" असं विचारत मोजलेलं बीपी लिहू नये. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि सीएचओकडे पाठवायचं. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर तिथूनच १०८ ला फोन.

जोड्यांनी मोजताना दर वेळी एक गोष्ट घडते, तिची तयारी ठेवा. एखाद्या ताईचं स्वतःचंच बीपी १६०/१०० निघतं. तिने कधी मोजलेलंच नसतं. आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत, हे सुरू करण्याआधीच सांगून ठेवा. जिचं जास्त आलं तिला बाजूला घेऊन बोला, तिच्या तपासणीची वेळ तिथेच ठरवा. अशा एका ताईने पुढे मला सांगितलं की स्वतःची गोळी सुरू झाल्यावर आठव्या दिवशी तीच ती विसरली, आणि तेव्हापासून कुणावर रागवायचं तिने सोडलं.

ग्लुकोमीटरचं शिकवणं लहान आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, कारण बोटाला गूळ किंवा आंब्याचा रस लागलेला असेल तर साखर खोटी वाढलेली दिसते. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख बघायची, डबीचं झाकण उघडं टाकायचं नाही. सुई प्रत्येकाला नवी. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली, भरण्याचं काम आशा करतातच. त्यात एकूण गुण चारपेक्षा जास्त आले की तपासणीला आधी पाठवायचं, इतकी उजळणी पुरते. कंबर मोजताना टेप कपड्यावरून, पदराच्या घड्यांवरून लावला जातो, तेवढं मात्र एकदा करून दाखवा.

४. दारातलं बोलणं

या लेखातलं एकच काही वापरणार असाल तर हे वापरा. प्रशिक्षणाचा निदान तिसरा हिस्सा यासाठी ठेवा.

एका ताईला रुग्ण करा, एकीला आशा. पहिल्यांदा त्यांना जसं रोज बोलतात तसंच बोलू द्या. बहुतेक वेळा असं होतं:

"काका, गोळ्या वेळेवर घेता ना?"
"हो हो, घेतो की."
"पथ्य पाळा हं. येते मी."

गटाला विचारा, काकांबद्दल आपल्याला काय कळलं? काहीच नाही, हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात येतं. "घेता ना?" या प्रश्नात "हो" आधीच भरलेला आहे, काका तो फक्त परत करतात. आता प्रश्न बदलून बघा:

"काका, बऱ्याच जणांच्या आठवड्यात एखाद-दोन गोळ्या राहून जातात. तुमच्या गेल्या आठवड्यात किती राहिल्या?"
"राहिल्या असतील तीन-चार."
"काय झालं होतं त्या दिवशी?"
"अगं, रानात लवकर जावं लागलं. उपाशीपोटी गोळी नको म्हणून ठेवली, मग राहूनच गेली."

बोलण्याची एवढी वळणं पुरतात. राहून जाणं सगळ्यांचंच होतं हे आधी सांगितलं की खरं बोलायला लाज वाटत नाही. "का नाही घेतली?" यात आरोप आहे, "काय झालं होतं?" यात नाही. फरक कानाने कळतो, म्हणून दोन्ही वाक्यं प्रत्येकीला मोठ्याने म्हणायला लावा.

आता उपाय. तो काकांच्या दिवसातच शोधायचा. ते सकाळी डेअरीला दूध घालतात? मग दूध घालून आल्यावर चहा-भाकरी आणि लगेच गोळी. बीपीच्या बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटीही चालतात, शुगरची मेटफॉर्मिन मात्र जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. काकांची कोणती गोळी आहे हे चिठ्ठी बघून सीएचओने सांगावं आणि आशाताईने ते लक्षात ठेवावं. एका भेटीत एकच बदल ठरवा. सात गोष्टी सांगितल्या तर काका सातही सोडून देतील.

शेवटी समजलं का ते तपासायचं. "समजलं ना?" याचंही उत्तर "हो" असतं. त्याऐवजी: "आजी, मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू दे. घरी सूनबाईंना कसं सांगाल, ते मला सांगा बरं." चूक निघाली तर ती आपल्या सांगण्यातली, आजींची नाही. हे वाक्य पाठ करून घेण्यासारखं आहे.

मग येतात गावातले ठरलेले प्रश्न. यांची उत्तरं तुम्ही देऊ नका, गटाकडून काढा. त्यांची उपमा तुमच्यापेक्षा चांगली असते. "रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?" यावर एका ताईने म्हटलं होतं, "चष्मा लावल्यावर दिसतं, म्हणून चष्मा काढून ठेवतो का आपण?" मी तेव्हापासून तेच वापरते. "गोळ्यांनी किडनी खराब होते" याचं उत्तर असं की किडनी खराब होते ती बरीच वर्षं वाढलेल्या बीपी-शुगरने, आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने घेत राहिल्याने. इथे पिशवीतल्या त्या कंबरदुखीच्या गोळ्यांची गोष्ट सांगा. "गोळी सुरू केल्यापासून पाय सुजतात" हा मात्र गैरसमज नाही. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. "काही होत नाही, घ्या" असं म्हटलं की विश्वास जातो. "असं होऊ शकतं, आपण डॉक्टरांना दाखवू, ते गोळी बदलून देतील, तोवर मनाने बंद करू नका" असं सांगायचं. गोळी बदलणं, कमी-जास्त करणं हे आशाचं काम नाही, हेही याच ठिकाणी ठामपणे सांगा. ती रेघ स्पष्ट असली की त्यांनाही हायसं वाटतं.

५. जेवण: मनाई कमी, मोजमाप जास्त

"भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद" अशी यादी ऐकून कोकणातला माणूस ती यादी घडी करून ठेवतो. भात कमी आणि आमटी-भाजी-मासळी जास्त, हे त्याला जमू शकतं. ताट समोर ठेवून दाखवा: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव भाग भाकरी किंवा भात, पाव भाग डाळ, उसळ, अंडं, मासे. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण ती मोजून, "भाकरीच आहे" म्हणून चार नव्हेत.

चहाचा हिशोब गटात करून घ्या. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. पाहुणे आले की वेगळा. कुणालाही हे मनाई म्हणून सांगावं लागत नाही, आकडा पुरतो.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. ग्रॅम कुणी मोजत नाही, म्हणून पिशवीने मोजा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाऊण किलो. एक किलोची पिशवी महिनाभरही पुरत नसेल तर मीठ जास्त होतंय. जनावरांच्या आंबोणात जातं ते वेगळं धरायचं. लोणचं, पापड, ठेचा, खारवलेली सुकी मासळी यांतलं मीठ या पिशवीत दिसत नाही, ते वेगळं विचारावं लागतं. आणि हे बोलणं रुग्णाशी करून भागत नाही. स्वयंपाक करणारी सून किंवा बायको समोर हवी.

६. साखर एकदम खाली जाणं, पाय, आणि उपास

साखर वाढण्याची भीती सगळ्यांना असते. खाली जाण्याची माहिती फार थोड्यांना असते, आणि जीव तिच्यात लवकर जातो. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखं बोलणं. अनेकदा घरचे म्हणतात, "आज हे असं का वागतायत?" साखर मोजता आली आणि ७० च्या खाली असेल तर ठरलंच, पण मशीन नसेल तर मोजण्यासाठी थांबायचं नाही. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घोळून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि मग थोडं खाऊ घाला. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हा प्रसंग नाट्यरूपात करून बघा, नुसता सांगू नका. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांची नावं प्रत्येक आशाने आपल्या वहीत वेगळ्या खुणेने लिहून घ्यावीत, कारण धोका मुख्यतः त्यांनाच असतो. रानात जाताना त्यांच्या खिशात किंवा कनवटीला खडीसाखरेची पुडी हवी.

इथेच उपास येतो. संकष्टी, एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे. "उपास करू नका" म्हणून मोकळं होऊ नका, कारण माणूस उपास करणारच आणि तुम्हाला सांगणार नाही. गोळी तशीच घेऊन दिवसभर उपाशी राहिला की साखर कोसळते, आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं यांवर ताव मारला की चढते. आशाताईने एवढंच करायचं: सण येण्याच्या आठवडाभर आधी वहीतल्या खुणेच्या घरी जाऊन विचारायचं, "उपास धरणार आहात का? मग आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवून येऊ." आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांचंही तसंच. औषध किती दिवसांचं बरोबर घ्यायचं, पायात काय घालायचं, फोड आला तर कुणाला दाखवायचं, हे दिंडी निघायच्या आधी ठरायला हवं.

पायाची तपासणी आशाताई घरीच करू शकते आणि त्याला उपकरण लागत नाही. रुग्णाने डोळे मिटायचे. आपल्या बोटाच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना गेली आहे आणि केंद्रावर तपासणी लागेल. मग तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या. अनवाणी रानात जाणाऱ्याला बाभळीचा काटा रुतलेला दिवसभर कळत नाही. पाय शेकायला घेतलेल्या गरम पाण्याने कातडी भाजते, तेही कळत नाही. "पायाला मुंग्या येतात" असं कुणी म्हणालं की त्या दिवशी चप्पल काढायला लावून पाय बघायचेच.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात बंद डबीत बाटली. बर्फाला लावायची नाही. उघडलेली बाटली चार आठवड्यांनंतर वापरायची नाही, म्हणून उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवायची. पोटावर एकाच जागी टोचत राहिल्याने गाठ होते आणि औषध नीट लागत नाही. जागा बदलली जातेय का, हे हात लावून बघायचं.

७. मन

वर्षानुवर्षं गोळ्या खाणारा माणूस कधीतरी कंटाळतो. "आता काय, जायचंच आहे" असं आजोबा म्हणाले की आपण "असं बोलू नये" म्हणतो आणि विषय बंद करतो. आशाताईंना थांबायला शिकवा. दोन प्रश्न विचारता येतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? हे सीबॅक फॉर्ममध्येही आहेत, पण तिथे बहुतेक वेळा खूण करून पुढे जातात. उत्तर "बरेच दिवस" असं आलं तर सीएचओला सांगायचं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक घरात दिसेल असा लिहून द्यायचा. मरणाचं बोलणं स्पष्ट असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचं.

आणि घरात सांभाळणारी कोण आहे तिलाही विचारा. लकवा झालेल्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या सुनेला "तुझं कसं चाललंय गं?" असं विचारणारं बहुधा कुणीच नसतं.

८. गाव सोडून जाणारे

बीडसारख्या जिल्ह्यात काम करत असाल तर हे प्रकरण पहिल्या क्रमांकावर घ्या. ऊसतोडीला दसरा-दिवाळीनंतर निघालेली जोडपी गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर चार-पाच महिने फडात, कोपीत. गोळ्या पहिल्या महिन्यात संपतात आणि साखर कारखान्याच्या परिसरातल्या केंद्रात यांना कुणी ओळखत नाही. बैलगाड्या, ट्रक निघण्याच्या आधी आशाताईने आपल्या वस्तीतल्या अशा रुग्णांची यादी करून सीएचओला द्यायची. शक्य तितक्या जास्त दिवसांची औषधं, आणि औषधाचं नाव, मात्रा, शेवटचं बीपी लिहिलेलं एक कार्ड, प्लास्टिकमध्ये घातलेलं. चिठ्ठी भिजते, कार्ड टिकतं. कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण, हे विचारून ठेवलं तर मध्येच फोन करता येतो.

९. प्रशिक्षण संपल्यावर

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं आणि गावोगावच्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. मला त्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती साधी पद्धत: बायका दर आठवड्याला जामखेडला परत येत, गावात काय झालं ते सांगत आणि त्यातून पुढचं शिकत. कुष्ठरोगासारख्या, महिनोन् महिने औषध चालणाऱ्या आजाराचं कामही त्या बायकांनी केलं. एकदा दिलेलं प्रशिक्षण टिकत नाही, परत येणं टिकवतं.

आपल्याला आठवड्याची बैठक जमणार नाही. केंद्रावर आशांची मासिक बैठक असतेच. तिच्यातली वीस मिनिटं मागून घ्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ती वीस मिनिटं अहवालांत गिळली जातात. एका ताईने एका घराची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी विचारायचं. नाव आणि आळी न सांगता सांगायची, ही सवय पहिल्याच बैठकीत लावा. गावात एकाची शुगर दुसऱ्याच्या सोयरिकीच्या आड येते, आणि एकदा ते फुटलं की ते दार पुन्हा उघडत नाही. महिन्यातून एकदा एखाद्या ताईबरोबर दोन घरं फिरा. तिने बोलायचं, तुम्ही ऐकायचं. सुधारणा काय करायची ते परत येताना वाटेत सांगा, रुग्णासमोर नाही.

मोजायचं काय? किती जणींना प्रशिक्षण दिलं हा आकडा वर जाईलच, तो तुमच्या उपयोगाचा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात रक्तदाब नियंत्रणाचा जो मोठा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. एकच सोपी औषधांची पद्धत, औषधांचा न खंडणारा पुरवठा आणि न आलेल्यांचा पाठपुरावा यांवर त्यात भर होता. तिथून दोन आकडे घ्या. नोंद असलेल्या रुग्णांपैकी शेवटच्या भेटीत किती जणांचं बीपी १४०/९० च्या आत आहे? आणि या महिन्यात औषध न्यायला कोण आलं नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर संख्येत नको, नावांत हवं. औषधवाटपाचं रजिस्टर उघडा, न आलेल्यांची नावं प्रत्येक आशाताईच्या वस्तीप्रमाणे वेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवा आणि बैठक संपण्याआधी ज्याच्या त्याच्या हातात द्या. औषधच केंद्रात नव्हतं म्हणून माणूस परत गेला असेल तर त्याचं नाव त्या चिठ्ठीत लिहू नका. तो फोन तुम्ही भांडारात करायचा आहे.